हार्ड डिस्कची साक्ष

संगणक, मोबाइल, पेन ड्राइव्ह यांतली माहिती शोधून, जपून ती पुरावा म्हणून न्यायालयापुढे मांडण्याच्या शास्त्राला पोलिसांच्या रोजच्या बोलण्यात सायबर फॉरेन्सिक म्हणतात. पुसलेली फाइल परत मिळवणे हा त्याचा लोकांना ठाऊक असलेला भाग. खटल्यात मात्र खरा कस लागतो तो मिळालेल्या फाइलमध्ये जप्तीनंतर कोणी फेरफार केला नाही, हे सिद्ध करताना.

जप्त केलेला संगणक नुसता सुरू केला, तरी त्यातल्या अनेक फाइलींच्या नोंदी बदलतात. म्हणून तज्ज्ञ मूळ डिस्कला हात लावत नाहीत. ‘राइट ब्लॉकर’ नावाचे उपकरण मध्ये जोडले, की डिस्क वाचता येते, पण तिच्यावर काही लिहिले जात नाही. मग तिची तंतोतंत प्रत काढतात आणि दोन्हींचा ‘हॅश’, म्हणजे मजकुराचा ठसा, काढून ताडून पाहतात. एसएचए-२५६ या पद्धतीत कितीही मोठ्या मजकुराचा ६४ चिन्हांचा ठसा तयार होतो. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला, तरी अख्खा ठसा पालटतो.

जुन्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली, तरी तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तसाच राहतो. नव्या एसएसडी डिस्क मात्र मोकळी झालेली जागा आपणहून साफ करतात. संशोधकांपुढचा हा मोठा पेच आहे.

भारतात या पुराव्याचा कायदा स्पष्ट झाला तो जालन्यातल्या एका खटल्यामुळे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी ३ची मुदत उलटल्यावर दाखल झाला, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा दावा होता. आधार होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. अशा डिजिटल पुराव्यासोबत तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसार लागणारे प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी वारंवार मागूनही दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला आणि मूळ उपकरणच न्यायालयात आणले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे ठरवले. ते मिळवण्यासाठी शक्य ते सारे करूनही ज्याच्या हाती ते आले नाही, अशा पक्षकाराला मात्र न्यायालयाने सवलत दिली, आणि ते योग्यच झाले.

१ जुलै २०२४ पासून त्या कलमाच्या जागी भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. प्रमाणपत्रात आता हॅश नोंदवावा लागतो, तज्ज्ञाचीही सही लागते. नमुन्यात एमडी५ आणि एसएचए-१ या पद्धतीही चालतात, पण दोन वेगळ्या फाइलींचा ठसा त्यांत एकच निघू शकतो, हे अनुक्रमे २००४ आणि २०१७ मध्ये दिसून आले आहे. तपास अधिकाऱ्यांनी एसएचए-२५६च वापरणे शहाणपणाचे.

मुंबईत कंपनीचा सर्व्हर जप्त होवो, की कारंजा तालुक्यातल्या कामरगावात शेतकऱ्याचा मोबाइल, नियम तेच. ऑनलाइन फसवणूक झाली तर मोबाइल रीसेट करू नये, संदेश पुसू नयेत आणि लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.