पट्टी कुणाची, पाटी कुणाची?

घरपट्टीचे बिल घरात आले की गृहस्थाची नजर प्रथम जाते ती अगदी तळाच्या आकड्याकडे. कपाळाला आठ्या घालून तो ते बिल खुंटीला अडकवतो आणि मुदत संपत येईपर्यंत त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मधल्या ओळी वाचतो कोण? पण वाचकहो, आता फराळाचे ताट पुढे ओढण्यापूर्वी त्या ओळी एकदा वाचाच. मुंबईसारख्या शहरात राहत असाल, तर तेथे शिक्षण उपकराची ओळ सापडेल. राज्याचा हा उपकर १९६२ च्या कायद्याने बसवला आहे. घराच्या भिंतीचा आणि पोराच्या पाटीचा संबंध आहे तो असा!

ज्याचे घर मोठे त्याने अधिक द्यावे, हे कुणालाही पटेल. खरा प्रश्न पुढेच आहे. जेथून पैसा गोळा झाला, तेथेच तो खर्च व्हावा काय? बंगल्यांची पट्टी बंगल्यांजवळच्या शाळेला आणि चाळींची पट्टी चाळींजवळच्या शाळेला, अशी वाटणी केली तर काय होईल? त्यासाठी कल्पनाशक्ती ताणावयास नको. अमेरिकेत हा प्रयोग पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे आणि त्याचा हिशेब कोर्टाच्या दप्तरात नोंदलेला आहे.

एकाच शहराची दोन टोके

टेक्सास राज्यात सॅन अँटोनिओ नावाचे मोठे शहर आहे. तिकडे शाळा चालवावयासाठी छोटे छोटे 'शाळा-जिल्हे' असतात. प्रत्येक जिल्हा आपल्या हद्दीतील घरांवर, दुकानांवर आणि कारखान्यांवर कर बसवतो आणि आपल्या शाळा चालवतो. सॅन अँटोनिओच्या परिसरात असे सात जिल्हे होते. त्यांपैकी एजवुड हा मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांचा. तेथे सुमारे २२ हजार मुले शिकत. हद्दीत कारखाने थोडे, पेढ्या थोड्या, बहुतेक घरेच. दुसरा अलामो हाइट्स, सुखवस्तू गोऱ्यांचा. तेथे मुले सुमारे ५ हजार.

आता १९६७-६८ सालची आकडेमोड पाहा. एजवुडमध्ये कर-आकारणीची मालमत्ता दर मुलामागे ५,९६० डॉलरची. अलामो हाइट्समध्ये ती ४९ हजारांच्या वर. एजवुडच्या लोकांनी शंभर डॉलरला १ डॉलर ५ सेंट असा कर स्वतःवर बसवून घेतला होता. सबंध परिसरात तो सर्वांत जड. अलामो हाइट्सचा दर होता ८५ सेंट. राज्याच्या किमान योजनेतला आपला वाटा भरून झाल्यावर एजवुडच्या हाती दर मुलामागे उरले २६ डॉलर. अलामो हाइट्सच्या हाती उरले ३३३!

म्हणजे गरिबाने जास्त दराने कर भरला आणि त्याच्या मुलाच्या वाट्याला कमी आले. राज्य सरकार तरी ही दरी बुजवत असेल, असे आपल्याला वाटेल. मौज अशी की, राज्याने एजवुडच्या मुलामागे दिले २२२ डॉलर आणि अलामो हाइट्सच्या मुलामागे २२५. मध्यवर्ती सरकारची मदत धरूनही एजवुडची बेरीज होई ३५६ आणि अलामो हाइट्सची ५९४.

करात एका सेंटाची वाढ केली तर अलामो हाइट्सला जे मिळे, तेवढ्यासाठी एजवुडला आठ सेंटांहून अधिक वाढवावे लागले असते. धावण्याच्या शर्यतीत एकाच्या पायाला दगड बांधावा आणि वर 'तू हळू का धावतोस' म्हणून विचारावे, त्यातलाच हा प्रकार.

पत्र्याचे काम करणारा फिर्यादी

१६ मे १९६८ रोजी एजवुडच्या हायस्कुलातील सुमारे ४०० मुले वर्ग सोडून बाहेर पडली. फुटक्या खिडक्या, नादुरुस्त संडास आणि पुरेशा पात्रतेच्या शिक्षकांची वाण, या त्यांच्या तक्रारी होत्या. मुलांच्या पाठोपाठ पालक जागे झाले. त्यांत डेमेट्रिओ रॉड्रिग्ज हे एक होते. हे गृहस्थ विमानदलाच्या तळावर पत्र्याचे काम करीत. आपले पैसे जिल्ह्याचे अधिकारीच खातात की काय, अशी पालकांना पहिल्याने शंका होती. आर्थर गॉकमन या वकिलांनी त्यांना दाखवून दिले की दोष माणसांत नसून करपद्धतीतच आहे. १९६८ सालीच दावा दाखल झाला. १९७१ मध्ये खालच्या कोर्टात पालक जिंकले.

परंतु २१ मार्च १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. पाच न्यायमूर्ती एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला. बहुमताचे निकालपत्र लिहिले न्या. पॉवेल यांनी. देशाच्या घटनेने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिलेला नाही आणि शाळेचा कारभार स्थानिक लोकांच्या हाती राहण्यात अर्थ आहे, असा त्याचा सारांश. न्या. मार्शल यांनी कडक शब्दांत विरोधी मत नोंदवले. एका मताने रॉड्रिग्ज हरले!

तथापि गोष्ट तेथे संपली नाही. १९८४ मध्ये एजवुडने पुन्हा दावा लावला, या खेपेस टेक्सास राज्याच्या घटनेचा आधार घेऊन. १९८९ च्या ऑक्टोबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. तेव्हा सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब जिल्ह्यांच्या दर मुलामागील मालमत्तेत सातशेपट अंतर होते. पुढे १९९३ मध्ये कायदा झाला की श्रीमंत जिल्ह्यांच्या करातला काही भाग इतरांना द्यावयाचा. लोकांनी त्याला रॉबिन हूडचे नाव दिले. 'आमचा पैसा आमच्या पोरांना का नाही?' अशी कुरकुर तेव्हापासून चालू आहे, आणि ती अगदीच गैर आहे असेही नाही. आपल्या शाळेसाठी आनंदाने कर देणारा माणूस परक्या शाळेसाठी हात आखडता घेतो, हा मनुष्यस्वभावच आहे. पण १९६८ साली फुटक्या खिडकीशी बसलेले पोर निकाल लागला तेव्हा तिशीच्या पलीकडे गेले होते, हेही विसरून चालणार नाही.

एक आण्याची गोष्ट

हे सारे परक्या मुलखातले म्हणून हसण्यावारी नेऊ नका. आपल्या मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या दशकात सारावसुलीवर रुपयामागे एक आणा लोकलफंड बसला. त्यातला एक तृतीयांश शिक्षणासाठी होता. नांगर धरणाराने तो भरला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी हेच विचारले, की सरकारी उत्पन्न बव्हंशी रयतेच्या घामाचे असताना शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गालाच का? इलाख्यातील दहापैकी नऊ गावांत शाळेची सोय नाही, हे त्यांनी निदर्शनास आणले आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. अमेरिकेत गरिबाचा पैसा गरिबाजवळच कोंडून राहिला. आपल्याकडे तो वर निघून गेला. वाटा दोन, रडणारे पोर एकच!

आज आपली स्थिती पुष्कळ निराळी आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क २००२ च्या घटनादुरुस्तीने मूलभूत ठरला. जिल्हा परिषदेच्या गुरुजींचा पगार गावच्या घरपट्टीवर अवलंबून नसतो. तो राज्याच्या तिजोरीतून येतो. हे फार मोठे पुण्य पदरी आहे. पण गळके छप्पर, कुंपण, पिण्याचे पाणी अशा गोष्टी आल्या की पुष्कळदा ग्रामपंचायतीकडे किंवा लोकवर्गणीकडे पाहावे लागते, आणि तेथे सधन गाव व निर्धन गाव हा भेद पुन्हा डोके वर काढतो. शहरात तर आणखी एक गुंता आहे: अधिक पट्टी भरणाऱ्यांची मुले बहुधा महापालिकेच्या शाळेत नसतातच. मग त्या शाळेच्या फुटक्या फरशीची चौकशी करणार कोण?

तेव्हा बिल पुन्हा हाती घ्या. तळाचा आकडा भरावयाचा आहेच. पण भरून झाल्यावर एखाद्या सकाळी वाट वाकडी करून जवळच्या महापालिकेच्या किंवा गावच्या शाळेत डोकावून या. तुमचे पोर तेथे शिकत नसेल, तुमचा पैसा मात्र तेथे रोज घंटेला हजर असतो. तो कसा आहे, काय करतो, हे विचारावयाचा अधिकार पावतीबरोबरच मिळालेला आहे.