पिपची तक्रार आणि तिचे निदान

पायथन ही संगणकाची भाषा गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली लोकांपुढे ठेवली. इतरांनी लिहिलेली तयार पॅकेजेस तिच्यात सहज वापरता येतात, हे तिच्या लोकप्रियतेचे एक मोठे कारण होय. ही पॅकेजेस पायपीआय नावाच्या सार्वजनिक भांडारात असतात आणि तेथून आणून ती संगणकावर बसविण्याचे काम पिप हा प्रोग्राम करतो. परंतु पुष्कळदा पॅकेज बसत नाही. पडद्यावर ओळींमागून ओळी उमटतात, आणि नवशिका गोंधळून जाऊन कोठून तरी मिळालेली आज्ञा तिचा अर्थ न समजता चालवितो. खरा धोका येथेच आहे.

वस्तुतः पिपच्या तक्रारी मोजक्याच प्रकारच्या असतात. ‘एरर’ शब्दाने आरंभ होणारी ओळ शोधून वाचली, की बहुधा प्रकार ओळखता येतो.

‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन फाउंड’ असे दिसल्यास प्रथम नाव तपासावे. प्रोग्राममध्ये लिहावयाचे नाव आणि भांडारातील नाव एकच असेल असे नाही. प्रोग्राममध्ये जे ‘पीआयएल’, ते भांडारात ‘पिलो’ असते. नाव बरोबर असेल, तर ते पॅकेज संगणकावरील पायथनच्या आवृत्तीसाठी आहे की नाही, हे पाहावे. मात्र अंदाजाने नावे लिहून पाहू नयेत. २०१७ साली स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयाने, प्रसिद्ध पॅकेजांशी मिळतीजुळती नावे घेतलेली खोटी पॅकेजेस पायपीआयवर उघडकीस आणली होती. पॅकेज बसवितानाच त्यातील आज्ञा चालू शकतात, म्हणून एका अक्षराची चूकही महाग पडते.

दुसरा प्रकार बांधणीचा. काही पॅकेजांचा भाग सी भाषेत लिहिलेला असतो. त्यांचे ‘व्हील’ नावाचे तयार रूप मिळाले, तर काम क्षणात होते. पायथनची आवृत्ती अगदी नवी असली, की असे रूप पुष्कळदा उपलब्ध नसते. मग पिप मूळ मजकुरावरून बांधणी करू पाहतो आणि संगणकावर कंपायलर नसल्यास अडतो. अशा वेळी थोडी जुनी आवृत्ती वापरावी किंवा कंपायलर बसवावा.

कधी पॅकेज बसल्याचे पिप सांगतो, पण पायथनला ते सापडत नाही. एकाच संगणकावर दोन पायथन असल्याचे हे लक्षण होय. ‘पायथन’ हा शब्द, मग आडवी रेघ व ‘एम’, मग ‘पिप’ अशी आज्ञा दिल्यास पॅकेज त्याच पायथनमध्ये बसते.

‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायरन्मेंट’ हा संदेश डेबियन लिनक्सच्या २०२३ साली निघालेल्या १२ व्या आवृत्तीपासून अनेकांना दिसू लागला. लिनक्सची स्वतःची कित्येक साधने पायथनवर चालतात. त्यांच्या पॅकेजांत ढवळाढवळ होऊ नये, म्हणून पिपला तेथे मज्जाव केलेला असतो. सक्ती करण्याचा मार्ग त्या संदेशात सांगितलेला असतो खरा. परंतु त्यात ‘ब्रेक’ म्हणजे मोडणे हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. तो मार्ग पत्करल्यास व्यवस्थेची साधने बंद पडू शकतात. त्याऐवजी, २०१२ पासून पायथनमध्येच असलेल्या ‘व्हेन्व्ह’च्या साहाय्याने प्रत्येक कामासाठी स्वतंत्र दालन करावे. तेथे काही बिघडले, तर तेवढे दालन पुसून नवे करता येते आणि बाकीच्या संगणकाला धक्का लागत नाही.