टायमिंग बेल्ट : घरी की गॅरेजात?

जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत मी उभी हयात लष्करी ट्रकांत घालवली. त्यामुळे आमच्या दीक्षितपुऱ्यात कुणी ना कुणी विचारतं, "काका, सँट्रोचा बेल्ट घरीच बदलू का?" मी आधी विचारतो, गाडी उभी कुठे करणार? बेल्ट असतो इंजिनाच्या कडेला, चाकाजवळ. आमच्या गल्लीत भिंत आणि गाडी यांच्यामध्ये जेमतेम माणूस सरकतो.

क्रँकशाफ्ट दोनदा फिरते तेव्हा कॅमशाफ्ट एकदा. हा मेळ टायमिंग बेल्ट, म्हणजे दातेरी रबरी पट्टा, राखतो. सँट्रोसारख्या इंजिनात तो तुटला किंवा काही दात सरकला, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळू शकतो. मग हेड उतरवा! रबर नुसतं उभं राहूनही जुनं होतं. म्हणून मॅन्युअलमध्ये किलोमीटरसोबत वर्षंही दिलेली असतात, जे आधी भरेल ते.

अवघड काय? क्रँक पुलीचा बोल्ट. तो सुटता सुटत नाही, आणि पुन्हा कसायला टॉर्क रेंच हवाच. अंदाज चालत नाही. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर त्याच वेळी नवा घाला. क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवल्या की लगेच स्टार्टर मारायचा नाही, पान्याने क्रँक हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवायची. कुठे अडली तर थांबायचं. खुणा पुन्हा जुळल्या, तरच किल्ली.

मोकळं अंगण, टॉर्क रेंच आणि दुसरी गाडी असेल, तर करा. सोमवारी याच गाडीने कामावर जायचं असेल, तर मिस्त्रीकडे द्या. जुना बेल्ट मात्र मागून घ्या. मारुतीच्या के-सिरीज इंजिनात बेल्टऐवजी साखळी असते; ती गाडी असणाऱ्यांनी ऑइल तेवढं वेळेवर बदलावं.