माकेगावचा डोळ्यांचा डॉक्टर

घरातली आजी तांदूळ निवडताना खडे सोडू लागली, बांधावरून येणारा माणूस आजोबांना आवाजावरून ओळखावा लागला, की आपण म्हणतो, "आता वय झालं!" वय झाले हे खरेच. पण पुष्कळदा तो मोतीबिंदू असतो, आणि त्याने गेलेली नजर परत येऊ शकते. हेच काम आयुष्यभर केलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाची ही हकीकत.

डॉ. तात्याराव लहाने यांचा जन्म १९५७ साली लातूर जिल्ह्यात, रेणापूर तालुक्यातल्या माकेगावी झाला. घरची गरिबी. शिक्षण मराठवाड्यातच झाले. डोळ्यांचे डॉक्टर होऊन अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी केली आणि पुढे ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आले. ऐन उमेदीत मूत्रपिंडे निकामी झाली. तेव्हा १९९५ साली आई अंजनाबाईंनी आपले एक मूत्रपिंड काढून मुलाला दिले. एवढ्या आजारातून उठलेल्या माणसाने हलके काम मागितले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. ते परत शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभे राहिले आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा त्यांचा आकडा लाखाच्या पुढे गेला. तोही सरकारी दवाखान्यात, जिथे खिसा रिकामा असलेला माणूस येतो. डॉ. रागिणी पारेख यांच्यासह आनंदवनात शिबिरे घेऊन त्यांनी कुष्ठरुग्णांचेही डोळे उघडले. २००८ साली पद्मश्री मिळाली. पुढे ते जे. जे.चे अधिष्ठाता झाले.

आता थोडे आपल्या कामाचे. डोळ्यातले भिंग गढूळ होते, तो मोतीबिंदू. पूर्वी तो 'पिकू द्या' म्हणत, कारण अख्खे भिंग काढावे लागे, टाके पडत आणि मग जाड भिंगाचा चष्मा लागे. आज लहानशा छेदातून, बहुधा टाका न घालता, गढूळ भिंग काढून तिथे कृत्रिम भिंग बसवतात. म्हणून आंब्यासारखी अढी लावून बसू नका! फार पिकलेला मोतीबिंदू कठीण होतो, कधी डोळ्यातला दाब वाढवतो. काचबिंदू मात्र वेगळा. त्यात गेलेली नजर परत येत नाही, म्हणून तपासणी लवकर हवी.

गावात सर्रास म्हणतात, "लेसरने मोतीबिंदू काढला." बहुतेक वेळा ते लेसर नसतेच. ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो ओढून घेतात. लेसर लागतो तो पुढे. काहींना काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा अंधुक दिसते आणि 'मोतीबिंदू परत आला' अशी बोंब होते. परत आलेला नसतो. कृत्रिम भिंगामागचा पापुद्रा धुरकटतो. त्याला लेसरने काही मिनिटांत भोक पाडतात, की वाट मोकळी.

सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुलगा घाटकोपर-मुलुंडला राहत असेल आणि जे. जे.ला जायचे असेल, तर मध्य रेल्वेने भायखळ्याला उतरावे. मधुमेह, रक्तदाबाचे कागद सोबत न्या.

वेळ मात्र पाहून ठरवा. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोळ्यात पाणी, धूळ, भुसा जाता कामा नये, ओझे उचलायचे नाही, थेंब वेळेवर घालायचे. म्हणजे मळणी आटोपल्यावरच जावे. नाहीतर आजोबा हिरवी पट्टी लावून खळ्यावर हजर होतात, हे मी पुष्कळ गावांत पाहिले आहे.