बिडदीच्या रस्त्यावरची वीस वर्षं

ऑक्टोबर २०२५ मध्ये बेंगळुरूजवळच्या बिडदीतल्या जॉलीवुड स्टुडिओला सील लागलं. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांडपाणी आणि परवानग्यांवर बोट ठेवलं, कन्नड 'बिग बॉस'च्या स्पर्धकांना घाईघाईने बाहेर काढावं लागलं आणि उपमुख्यमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर काही दिवसांतच कुलूप निघालंही. चर्चा झाली ती फक्त कार्यक्रमाची. ही जागा मुळात पोराबाळांना घेऊन जाण्यासाठी उभी राहिली होती, याची कुणाला आठवणही झाली नाही. ते फार लागलं.

या रस्त्यावर पार्कं येण्याआधीचं बेंगळुरू झटपट सांगून होईल. कब्बन पार्कातल्या बालभवनाची पुटाणी एक्सप्रेस, टीव्ही टॉवरसमोरचं फन वर्ल्ड, लालबागेतलं फुलांचं प्रदर्शन. आम्हा मुंबईकडून आलेल्यांच्या डोळ्यांपुढे गोराईचं १९८९ सालचं एस्सेलवर्ल्ड असायचं. त्यापुढे हे सगळं बेताचंच वाटे.

२००५ साली चित्र पालटलं. कोचीत २००० मध्ये वीगालँड काढणारे कोचौसेफ चिट्टिलप्पिल्ली यांनी म्हैसूर रस्त्यावर, शहरापासून २८ किलोमीटरवर, वंडरला उघडलं. एक्सप्रेसवे नव्हता, मेट्रो नव्हती. केंगेरी ओलांडेपर्यंतच जीव मेटाकुटीला यायचा. बिडदीला गाडी थांबवून ताटाएवढी तट्टे इडली खायची, लोण्याचा गोळा वितळेपर्यंतही पोरांना दम नसायचा. आत रेन डिस्को होता. अंधारा हॉल, वरून पाऊस, ढोलाचा ठेका, आणि त्यात आयटीतली पोरं, मंड्याहून आलेली शाळा, नऊवारी आवरत उभी असलेली कुणाची तरी आजी, सगळे एकत्र भिजलेले. भाषा कुणी कुणाला विचारत नव्हतं. पुढची दहा वर्षं पाहुणा आला की त्याला तिकडे न्यायचं, हे आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत ठरलेलंच होतं.

२००८ मध्ये त्याच रस्त्यावर इनोव्हेटिव्ह फिल्म सिटी आली. रिप्लीचं संग्रहालय आणि लुई तुसॉचे मेणाचे पुतळे, दोन्ही एकाच आवारात! मग पहिले दोन हंगाम लोणावळ्यात झालेलं कन्नड 'बिग बॉस' तिथे मुक्कामाला आलं. २०१८ च्या फेब्रुवारीत त्या घराचा सेट जळाला, पुढे मालक बदलले, नावही बदलून जॉलीवुड झालं. माझं स्पष्ट मत आहे की कॅमेऱ्यासाठी घर सजायला लागलं, तेव्हाच तिकीट काढून येणारं कुटुंब दुय्यम झालं होतं.

लोक पार्कांपासून तुटतात ते का, यावर या वीस वर्षांत बरंच खोटं ऐकलंय. 'मॉलनी पार्कं मारली' हे त्यातलं पहिलं. कोरमंगलाचा फोरम २००४ चा, वंडरला त्याच्या पुढच्या वर्षीचं, आणि दोन्हीकडे गर्दी होती. दुसरं कारण महागाईचं. कराचा बोजा खराच होता. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा पार्काच्या तिकिटावर २८ टक्के लागला, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आला. पण आमच्या मंडळींनी कुरकुरत का होईना, वाढीव पैसे मोजले. गुलाबजाम महागला म्हणून दिवाळी कुणी सोडत नाही.

माणूस तुटतो तो देखभाल थांबली की. शहराबाहेरच्या एका पार्कात, ज्याचं नाव घेत नाही, आमचा आवडता झोपाळा हिरव्या नायलॉन दोरीमागे गेला. 'दुरुस्तीसाठी बंद' ही पाटी आधी पुठ्ठ्याची होती, पुढच्या खेपेला पत्र्याची रंगवलेली दिसली, आणि त्यानंतर त्या पत्र्याचाही रंग उडाला. लाटांच्या तलावाचा पंप दिवसातून थोडाच वेळ चाले. तिकिटात मात्र काही कमी नाही. तक्रार कुणी केली नाही, पोरांनी मागणं बंद केलं. राइड म्हणजे रोज सकाळी रिकामी फिरवून बघायची, बेअरिंग आणि वेल्डिंग तपासायचं यंत्र. परदेशातून आणलेल्या यंत्राचा सुटा भाग महिनोन्महिने येत नाही. वंडरलाने बऱ्याच राइड कोचीतल्या स्वतःच्या कारखान्यात बनवल्या. ते आजही टिकून आहे, याचं मोठं श्रेय मी त्या कारखान्याला देते.

आता नवं दुखणं आहे जादा पैशांच्या वेगळ्या रांगेचं. डिस्नेनेही १९९९ पासूनचा फुकट फास्टपास २०२१ मध्ये पैशांचा केला. त्यांच्याकडे आयुष्यात एकदाच येणारे प्रवासीही बरेच असतात, त्यांना ते पचतं. आपली पार्कं त्याच शहरातल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसांवर चालतात. उन्हात तासभर उभ्या पोराच्या नाकासमोरून दुसरं पोर आत गेलं की त्याच्या बापाचा परत यायचा विचार तिथेच संपतो.

आणि आता सरकार म्हैसूरजवळ, कृष्णराजसागरच्या वृंदावन उद्यानात, डिस्नेलँडच्या धर्तीवर पार्क करू म्हणतंय. शेतकऱ्यांचा विरोध आहे, धरणाच्या सुरक्षिततेची चिंता आहे, आणि हे आधी ऐकलंच पाहिजे. पण खासगी भागीदाराशी करार होणारच असेल, तर दहाव्या वर्षी तिथल्या राइडचं बेअरिंग कोण बदलणार आणि त्याचे पैसे कुठून येणार, हे सही करण्याआधी कागदावर आलं पाहिजे. उद्घाटनाच्या फितीचा खर्च नेहमीच निघतो.