भर खाडीत इंजिन मान टाकते तेव्हा

मालवण तालुक्यातील देवबाग येथे कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीच्या वेळी या मुखावर नदीचे पाणी आणि समुद्राच्या लाटा समोरासमोर भिडतात आणि वाळूच्या दांड्यावर फेस उसळू लागतो. त्यातून छोटी होडी पार करायची, तर मागच्या इंजिनात जोर हवा. नेमक्या अशा जागी इंजिन मंदावले, तर होडी लाटेला आडवी होण्यास काही क्षण पुरतात. साफ बंद पडलेले इंजिन एक वेळ परवडते. निदान वल्हे तरी हाती घेतले जाते. अर्धवट चालणारे इंजिन मात्र 'आता सुधारेल, मग सुधारेल' या आशेवर माणसाला गुंतवून ठेवते.

होडीच्या पिछाडीच्या फळीला बाहेरून अडकवायचे हे यंत्र म्हणजे आउटबोर्ड मोटर. नॉर्वेत जन्मलेल्या ओल एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे अशा मोटरींचा व्यवसाय सुरू केला आणि जगभरच्या लहान होड्यांचे चित्र पालटले. (त्यांच्या नावाच्या मोटरींचे उत्पादन २०२० मध्ये थांबले.) कोकणात आज मासेमारीच्या लहान होड्यांपासून पर्यटकांना डॉल्फिन दाखविणाऱ्या नौकांपर्यंत अनेक ठिकाणी ही मोटर दिसते.

मोटरीचा जोर कमी झाला की बहुतेकांचा हात थेट स्पार्क प्लगकडे जातो. प्लग बदलतात, कार्ब्युरेटर उघडतात आणि शेवटी दोष निघतो पंख्यात गुंतलेल्या जाळ्याच्या तुकड्याचा. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यावी, तसाच हा प्रकार. म्हणून हत्यार हाती घेण्यापूर्वी कान द्यावा. इंजिनाचा आवाज चढतो, पण होडी पुढे सरकत नाही, असे असेल तर दोष पाण्याखाली आहे. आवाजच खाली बसला असेल, तर दोष बहुधा इंधन, ठिणगी किंवा थंडावा यांपैकी एकात सापडतो.

पाण्याखालची कथा थोडक्यात सांगता येते. पंख्याच्या मध्यभागी रबराचा एक बुश दाबून बसविलेला असतो. पंखा खडकावर आपटला, तर गिअरचे दाते वाचावेत म्हणून ही योजना. हा रबर सैल झाला की आतला दांडा फिरतो आणि पंखा मागे राहतो. अशा वेळी वेग अगदी कमी ठेवला, तर रबर पकड घेतो आणि होडी रांगत का होईना, किनाऱ्याला लागते. पंख्यामागे नायलॉनचा दोरा गुंडाळला गेला असेल, तर तो ताबडतोब काढावा. तो आतील सील कापतो, गिअरच्या तेलात पाणी शिरते आणि तेल दुधासारखे पांढुरके होते. मात्र पंख्याला हात लावण्याआधी इंजिन बंद करून सुरक्षा-दोरीची क्लिप काढलेली असलीच पाहिजे. कधी इंजिन आपले काम चोख करत असते, पण होडीच्या बुडाला शंख-शिंपल्यांचा थर चढलेला असतो किंवा माणसेच जास्त बसलेली असतात, हेही लक्षात घ्यावे.

आवाज खाली बसण्याच्या तक्रारींचा उगम बहुतेकदा इंधनात असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? सुट्या टाकीच्या झाकणावर हवेसाठी एक लहानसा स्क्रू असतो. वाहतुकीत पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद करतात आणि निघताना उघडायला विसरतात. टाकीतले पेट्रोल कमी होते, त्याची जागा घ्यायला हवा येत नाही, आत पोकळी तयार होते आणि इंजिन थोडा वेळ झकास चालून दम सोडते. थांबून झाकण उघडावे तर 'फुस्स' असा आवाज येतो आणि इंजिन पुन्हा टवटवीत! या एका स्क्रूपायी कितीतरी कार्ब्युरेटर विनाकारण उघडले गेले असतील.

टाकी आणि इंजिन यांच्यामधल्या नळीवर हाताने दाबायचा रबरी फुगा असतो. तो उत्तम निदानकर्ता आहे. इंजिन चालू असताना तो चपटा होत असेल, तर अडथळा फुग्याच्या अलीकडे, म्हणजे टाकीत किंवा नळीत आहे. कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल, तर कोठून तरी हवा शिरते आहे किंवा त्याची झडप गेली आहे. इंजिन मंदावल्यावर फुगा दाबताच जोर परत येत असेल, तर इंजिनावरचा इंधनपंप थकलेला असू शकतो किंवा नळीच्या जोडात फट असू शकते.

इंधनातले पाणी हा आणखी एक छुपा शत्रू. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. अनेक आउटबोर्ड मोटरींच्या पुस्तिका मात्र १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि ते प्रमाणाबाहेर गेले की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. नळीचे तोंडही तळाशीच असते! किनाऱ्यावरच्या दमट हवेत महिनोन्महिने अर्धी भरलेली टाकी ठेवणाऱ्यांना हा अनुभव येतो. त्यावर पाणी वेगळे करणारा फिल्टर आणि ताजे पेट्रोल हेच उपाय.

टू-स्ट्रोक इंजिनांबाबत येथे एक धोका विसरू नये. त्यांचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. अनेक इंजिनांत ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, असे प्रमाण असते. अशा इंजिनाला पेट्रोल अपुरे मिळाले, तर तेलही अपुरे मिळते. जोर कमी झाला म्हणून थ्रॉटल पूर्ण पिळून ठेवणारा माणस हजार रुपयांच्या दुरुस्तीचे काम पिस्टन जाम होण्यापर्यंत नेऊ शकतो.

ठिणगीचा दोष ओळखणे त्या मानाने सोपे. दोन सिलिंडरांपैकी एक गप्प असेल, तर इंजिन थरथरते आणि वेग घेत नाही. दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवावेत. फिकट तपकिरी प्लग निरोगी. काळा आणि ओलसर प्लग म्हणजे तेथे ज्वलन नीट होत नाही किंवा तेल जास्त झाले आहे. एकच प्लग धुतल्यासारखा लखलखीत दिसला, तर आनंदून जाऊ नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरून वाफेने तो धुतला गेल्याची शंका घ्यावी. ठिणगी तपासताना पेट्रोलची वाफ जवळ नसावी आणि प्लगची वायर उघड्या हाताने धरू नये.

नव्या फोर-स्ट्रोक इंजिनांत आणखी एक गंमत असते. इंजिन तापले किंवा तेलाचा दाब घटला की ते स्वतःच आपला वेग कमी करून घेते. चालकाला वाटते बिघाड झाला. वास्तविक तो बचाव असतो. भोंगा वाजत असेल, तर इंजिनामागून निघणारी पाण्याची बारीक पिचकारी पाहावी. ती बंद असेल, तर पाणी घेण्याच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी चिकटलेली असू शकते किंवा पंपातील रबरी चक्र झिजलेले असू शकते. क्वचित पिचकारीचे भोकच मिठाने बुजलेले असते आणि बारीक तार घातली की काम होते. पाण्याबाहेर, पाण्याचा पुरवठा न देता इंजिन 'जरा लावून' पाहण्याची हौस या रबरी चक्राच्या जिवावर उठते.

हे सारे ठीक असेल, तर उरतो सिलिंडरमधील दाब. मापकाने तो मोजता येतो. दोन सिलिंडरांत साधारण १० ते १५ टक्क्यांहून अधिक तफावत आढळली, तर काम कारखान्यातच न्यावे.

समुद्रात मात्र क्रम वेगळा असतो. आधी नांगर टाकून होडीची नाळ लाटेकडे वळवायची, मग झाकणाचा स्क्रू, फुगा आणि पिचकारी पाहायची. दोन सुटे प्लग, पाना, एक फिल्टर आणि वल्ह्यांची जोडी हे सामान एका लहान डब्याएवढीच जागा घेते. वल्हे तेवढे डब्यात मावत नाही, म्हणूनच बहुधा ते किनाऱ्यावर राहते.