बारावं लागलं म्हणजे पॉइंट शूज आलेच?

मुंबई-पुण्यात बॅलेचे क्लास आता नवलाईचे राहिलेले नाहीत. न्यू जर्सी, लंडनकडच्या अनेक मराठी घरांतल्या मुलीही बॅले शिकतात. मुलगी चार-पाच वर्षं शिकली, की घरात प्रश्न निघतोच : पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकांवर नाचायचे बूट, कधी घ्यायचे? 1832 मध्ये पॅरिसला मारी तालियोनी ‘ला सिल्फिद’मध्ये बोटांच्या टोकांवर नाचली, तेव्हापासून बॅलेरिना म्हटलं की डोळ्यांपुढे तेच चित्र येतं. मुलीला त्याची ओढ वाटणं साहजिक आहे. मात्र घाईने घेतलेला निर्णय तिच्या घोट्यांना आणि पाठीला भोगावा लागतो. म्हणून काही समजुती तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : बारा वर्षं पूर्ण झाली की मुलगी तयार.

वस्तुस्थिती : नर्तकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत बाराचा आकडा आहे, पण तो ‘बाराच्या आधी नको’ या अर्थाने. बारानंतरही अटी आहेतच. आठवड्यातून दोनदा क्लास होत असेल, घोटा पुरेसा ताणला जात असेल, पाय-गुडघे एका रेषेत राहत असतील आणि पोट-कंबरेत ताकद असेल, तर शिक्षणाच्या चौथ्या वर्षाच्या सुमारास सुरुवात करावी. आठवड्यातून एकदाच क्लास असेल, तर पॉइंटच्या फंदात पडू नये, असाच सल्ला आहे.

सेंट पीटर्सबर्गच्या वागानोव्हा अकादमीसारख्या शाळांत मुली यापेक्षा लवकर पॉइंटवर जातात, हे खरं. पण तिथे दहाव्या वर्षाच्या सुमारास पारखून प्रवेश मिळतो आणि सराव रोजचा असतो. शनिवार-रविवारच्या क्लासला ते वेळापत्रक लावून चालणार नाही.

गैरसमज : लवकर सुरू केलं तर कोवळी हाडं वाकडी होतात, एवढीच काय ती भीती.

वस्तुस्थिती : मुलींच्या पायाच्या हाडांची वाढ साधारण 14 ते 16 या वयात पुरी होते. तोवर थांबायचं ठरवलं, तर जगातल्या बहुतेक नर्तिकांना उशीरच झाला असता. खरा धोका अपुऱ्या ताकदीचा आहे. पोटरी, तळपाय आणि कंबर कमजोर असली, की मुलगी टोकावर उभी राहण्याऐवजी बुटात खचते. मग घोटा आत किंवा बाहेर कलतो, गुडघे वाकतात, कंबरेत बाक येतो आणि सगळा भार सांध्यांवर जातो.

त्यात उंची झपाट्याने वाढण्याचा काळही हाच. हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात. गेल्या वर्षी सहज जमणारा तोल या वर्षी जात असेल, तर तो आळस नव्हे. अशा वेळी पॉइंट काही महिने पुढे ढकलावं.

गैरसमज : बुटाच्या टोकात लाकूड असतं, तेच पाय उचलून धरतं.

वस्तुस्थिती : पॉइंट शूजमध्ये लाकूड नसतं. पारंपरिक बुटाचं टोक कापड आणि कागदाचे थर खळीने चिकटवून, वाळवून कडक केलेलं असतं. तळाशी चामड्याची किंवा पुठ्ठ्याची ताठ पट्टी असते. काही कंपन्या आता प्लास्टिकसारखं साहित्य वापरतात. बूट बोटांना वेढून आधार देतो, पण शरीर वर उचलायचं काम पायाला आणि कंबरेलाच करावं लागतं.

म्हणूनच मापात तडजोड नको. वाढत्या पायाला एक नंबर मोठा घेण्याची आपली सवय शाळेच्या बुटांपुरती ठीक आहे. सैल पॉइंट शूजमध्ये पाय खाली घसरतो आणि बोटं चेंगरतात. घट्ट बूटही तितकाच वाईट. मावसबहिणीचे जुने बूटही नकोत; ते तिच्या पायाच्या आकाराला बसलेले असतात आणि त्यांची ताठ पट्टी मऊ पडलेली असते. बूट पायात घालून, उभं राहून, जाणकार माणसाकडूनच पारखून घ्यावा. ऑनलाइन मागवलेली पहिली जोडी हमखास पस्तावायला लावते.

गैरसमज : पाय लवचीक आहे, कमान सुंदर आहे, म्हणजे अर्धं काम झालं.

वस्तुस्थिती : फार लवचीक पायाच्या मुलीला जास्त थांबावं लागतं. तिचा घोटा सहज पुढे जातो, पण तिथे त्याला धरून ठेवणारी ताकद आधी कमवावी लागते. कमान दिसते छान, पण पाय टोकावरून पुढे कलंडतो.

भरतनाट्यम किंवा कथक शिकलेल्या मुलीबद्दलही अशीच गल्लत होते. ताल, ठेहराव आणि मांड्यांची ताकद तिच्याकडे असते. पण घोटा पूर्ण ताणून त्यावर भार पेलायची सवय तिच्या पायाला नसते. ती वेगळी कमवावी लागते.

गैरसमज : तयारी आहे की नाही, हे नुसतं बघून कळतं.

वस्तुस्थिती : ती तपासता येते. मुलीने पाय लांब करून बसावं आणि तळपाय पूर्ण ताणावा. घोट्याच्या पुढच्या बाजूवर, नडगीच्या रेषेत पेन्सिल ठेवावी. ती नडगीच्या खालच्या टोकाला न अडता सरळ बसली, तर घोटा पुरेसा ताणला जातोय. पेन्सिल अडली, तर टोकावर उभं राहताना भार मागे पडेल.

ताकद आणि ताबा पाहण्याच्या चाचण्या वेगळ्या आहेत. एका पायावर उभं राहून धड पुढे आडवं करायचं, दुसरा पाय मागे सरळ ठेवायचा आणि पाच वेळा गुडघा वाकवत हात जमिनीकडे न्यायचे. पाचपैकी चार वेळा गुडघा आत न जाता पावलाच्या रेषेत राहायला हवा. एका पायावर सलग 16 उड्या मारायच्या. त्यांतल्या किमान आठ स्वच्छ हव्यात, म्हणजे पाय हवेत ताणलेला आणि धड स्थिर. तोल न जाता एक पूर्ण गिरकीही घेता यावी. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पॉइंटची तयारी ओळखायला वयापेक्षा अशा चाचण्या उपयोगी दिसल्या. घरी करून पाहायला हरकत नाही, पण निर्णय शिक्षकांनी आणि नर्तकांचे पाय ओळखणाऱ्या फिजिओथेरपिस्टने घ्यावा.

गैरसमज : उशीर झाला की संधी गेली.

वस्तुस्थिती : मिस्टी कोपलँडने बॅले शिकायला सुरुवातच तेराव्या वर्षी केली. 2015 मध्ये ती अमेरिकन बॅले थिएटरमधली पहिली आफ्रिकन अमेरिकन प्रिन्सिपल नर्तिका झाली. ती काही महिन्यांतच पॉइंटवर उभी राहिली होती, हेही खरं. पण तो अपवाद आहे, त्यावर आपल्या मुलीचं वेळापत्रक बेतू नये. चौदाव्या वर्षी भक्कम पायांनी सुरुवात करणारी मुलगी, अकराव्या वर्षी कमजोर पायांनी सुरुवात केलेल्या मुलीला सहज गाठते. चुकीच्या सवयी मोडण्यात तिचा वेळ जात नाही.

गैरसमज : दुखणारच, सहन करायला शिकलं पाहिजे.

वस्तुस्थिती : बोटांना फोड येणं, पोटऱ्या भरून येणं समजू शकतं. घोट्याच्या मागे टोचणं, अंगठ्याकडे जाणाऱ्या स्नायुबंधाला सूज येणं किंवा पावलाच्या मध्यावर बोट दाबताच कळ उठणं, या मात्र दुखापतीच्या खुणा आहेत. पावलाच्या दुसऱ्या लांब हाडाला बारीक तडा जाणं नर्तिकांमध्ये डॉक्टरांच्या चांगलंच ओळखीचं आहे. अशा वेळी सराव थांबवून डॉक्टरांकडे जावं. बारीक दिसण्यासाठी जेवण कमी करणाऱ्या मुलीची पाळी लांबते आणि हाडंही ठिसूळ होतात. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नसेल, तर तपासणी करून घ्यावी.

पॉइंटची पहिली पावलं साधीच असतात. क्लासच्या शेवटी काही मिनिटं, बार म्हणजे आधाराचा आडवा दांडा धरून, दोन्ही पायांवर वर जायचं आणि सावकाश खाली यायचं. एवढ्यासाठी कुणाची घाई नको. पालकांनो, शिक्षक ‘अजून नको’ म्हणाले, तर क्लास बदलू नका. काय कमी पडतंय ते विचारा आणि त्यावर मुलीकडून सराव करून घ्या. आणि कोणतीही चाचणी न घेता एखाद्या क्लासने अख्ख्या बॅचला एकाच दिवशी पॉइंट शूज आणायला सांगितलं, तर आधी तुमच्या मुलीचे पाय तपासायला सांगा. तोवर पैसे भरू नका.